‘सुद’ म्हणजे पक्ष, व्याज की शिक्का? मिश्रभाषी ओळीचा अर्थ लावण्याची रीत

बडोद्याच्या जुन्या मराठी घरातली रोजखर्चाची वही उघडली की एका ओळीत दोन-तीन भाषा सहज भेटतात. क्रियापद गुजराती, प्रत्यय मराठी, महिन्याचं नाव गुजराती, हुद्दा फारसी वळणाचा. लिहिणाऱ्याला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. घरात मराठी, बाजारात गुजराती आणि कचेरीत दोन्ही, असाच त्याचा दिवस जायचा. अडचण येते ती नातवंडांना. वही हातात येते, अक्षर लागतं, शब्दही कळल्यासारखे वाटतात, आणि अर्थ मात्र उलटा निघतो.

अशा ओळीत अनोळखी शब्दाची भीती बाळगू नका. तो आपल्याला थांबवतो आणि कोश उघडायला लावतो. चूक होते ती ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दावर, कारण तिथे आपण थांबतच नाही.

‘सुद’ हाच शब्द घ्या. गुजराती मितीत ‘महा सुद ५’ म्हणजे माघ शुद्ध पंचमी. इथे सुद म्हणजे शुक्ल पक्ष. मराठेशाहीतल्या पत्राच्या शेवटी ‘मोर्तब सुद’ येतं, तिथे तो फारसी ‘शुद’, म्हणजे ‘झाले’. पत्र पुरं झालं, शिक्का झाला, एवढाच त्याचा अर्थ. आणि सावकारी कागदात हिंदी-उर्दूच्या वाटेने आलेला ‘सूद’ म्हणजे व्याज. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, त्यामुळे तिन्ही शब्द कागदावर सारखेच दिसतात. त्यांतला कोणता, हे शब्दाकडे टक लावून ठरत नाही. त्याच्या शेजारी काय आहे यावरून ठरतं: पुढे तिथीचा आकडा असेल तर पक्ष, मागे ‘मोर्तब’ असेल तर शिक्का, जवळपास मुद्दल आणि दर असेल तर व्याज.

रीत नीट समजावी म्हणून नमुन्याची एक ओळ रचली आहे. बडोद्याकडच्या वह्यांत जसं लिहिलेलं सापडतं, त्याच वळणाची:

‘आसो वद ५, सं. १९९३. मामाने रू. ४० आप्या, बारीचे. बाकी दिवाळी पछी. वाड्याचे काम फावेल तसे.’

पुण्याचा वाचक हिचा अर्थ साधारण असा लावेल: मामांनी चाळीस रुपये दिले, कसल्यातरी पाळीचे, बाकीचे दिवाळीला, वाड्याचं काम सवड मिळेल तसं. यात निदान दोन चुका आहेत, आणि त्यांतली एक पैशांची दिशाच फिरवते.

आधी जशीच्या तशी नक्कल

ओळ समजून घेण्याआधी ती उतरवून घ्या. एकही अक्षर सुधारू नका. ‘रू’ दीर्घ आहे तर दीर्घच ठेवा, अनुस्वार नसेल तर घालू नका, शब्द जोडून लिहिले असतील तर तोडू नका. लावता न आलेल्या अक्षराच्या जागी चौकोन काढा. अंदाजाने अक्षर भरलं तर दोन दिवसांनी तोच अंदाज तुम्हाला पुरावा वाटू लागतो. ओळीच्या आधीच्या वीस आणि नंतरच्या वीस ओळीही उतरवा. मेहनत जास्त वाटेल, पण बहुतेक कोडी शेजारच्या ओळींतच सुटतात.

फोटो काढताना समोरून फ्लॅश टाकू नका. कागद खिडकीशी आडवा ठेवून उजेड एका बाजूने येऊ दिला की पुसट शिसपेन्सिल आणि बोरूचा दाब दोन्ही दिसतात. फाटलेल्या घडीवर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. नंतर ते निघत नाही. नकलेच्या वर तीन गोष्टी लिहा: कागद कोणाच्या घरचा, वही कसली (रोजमेळ म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, खातेवही, पत्र, दस्त), आणि अक्षर एकाच हाताचं आहे का. तिसरी गोष्ट पुढे फार उपयोगी पडते.

लिपी कोणती, आणि ती काय लपवते

बडोद्याकडच्या कागदांत देवनागरी, मोडी आणि गुजराती या तिन्ही लिप्या येतात, कधी एकाच पानावर. गुजरातीला शिरोरेघ नसते. तिच्यातला २ चा आकडा आणि ‘र’ हे अक्षर जवळजवळ एकच दिसतात; ५ चा आकडा आणि ‘प’ यांचंही तसंच. ‘प’ने सुरू होणारा एखादा विचित्र शब्द लागत नसेल, तर तिथे आधी पाच वाचून पाहा. मोडीत शब्दांमध्ये जागा नसते, विरामचिन्हं नसतात आणि अनुस्वार बऱ्याचदा गळतो. हा गळलेला अनुस्वार पुढे किती महागात पडतो ते प्रत्ययांच्या भागात दिसेल.

संक्षेपांची एक यादी जवळ ठेवा: मौ॥ म्हणजे मौजे, क॥ म्हणजे कसबे, प॥ म्हणजे परगणे, रा॥ म्हणजे राजश्री. दोन उभ्या रेघा दिसल्या की शब्द तोडलेला आहे एवढं समजायचं.

फोनवरचा रोमन लिपीतला निरोप असेल तर लिपी आणखी जास्त लपवते. एम-ए-एन-ई ही चार अक्षरं गुजरातीत ‘मने’ म्हणजे मला, हिंदीत ‘माने’ म्हणजे अर्थात, आणि मराठीत आडनाव. रोमनमधून थेट अर्थाकडे जाऊ नका. आधी देवनागरीत जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्या तऱ्हा लिहून काढा, मग निवड करा.

क्रियापद शोधा, मग प्रत्यय

मिसळलेल्या वाक्यात नामं कुठूनही येतात. वाक्याची चौकट मात्र सहसा एकाच भाषेची असते, आणि ती क्रियापदात आणि विभक्तीच्या प्रत्ययांत दिसते. म्हणून पहिलं बोट क्रियापदावर. छे, हतो, हती, थयुं, आप्या, लीधा अशी रूपं असतील तर चौकट गुजराती. आहे, होतं, झालं, दिले, घेतले असेल तर मराठी. आपल्या नमुन्यात ‘आप्या’ आहे: आपवुं म्हणजे देणे, आणि ‘रूपिया’ या पुल्लिंगी अनेकवचनाशी जुळणारं ते भूतकाळी रूप.

आता प्रत्यय. इथे सगळ्यात जास्त सावध राहा, कारण मराठी आणि गुजराती दोन्हींत ने, नी, ना आहेत आणि तिघांचंही काम वेगळं आहे.

‘ने’: मराठीत देणारा दाखवतो, ‘मामाने दिले’. गुजरातीत घेणारा दाखवतो. ‘मामाने आप्या’ म्हणजे मामाला दिले. मामा स्वतः देणारा असेल तर शुद्ध गुजराती ‘मामाए आप्या’ म्हणेल. हिंदीतला ‘ने’ पुन्हा मराठीसारखाच, देणारा दाखवणारा. शिवाय गुजरातीत ‘अने’चं आखूड रूपही ‘ने’ होतं, म्हणजे ‘आणि’. दोन नावांच्या मध्ये सुटा ‘ने’ आला तर आधी हा अर्थ घेऊन पाहा.

‘नी’: मराठीत ‘मामांनी’ म्हणजे आदरार्थी कर्ता. गुजरातीत ‘मामानी चोपडी’ म्हणजे मामाची वही. अनुस्वार गळला की दोन्ही एकसारखे.

‘ना’: मराठीत ‘मामांना रुपये’ म्हणजे मामाला मिळाले. गुजरातीत ‘मामाना रूपिया’ म्हणजे मामाचे रुपये, मग ते कोणाकडेही असोत. वाटणीच्या कागदात हा फरक म्हणजे वाद.

यांच्याबरोबर ‘थी’ लक्षात ठेवा. गुजरातीत ‘घरथी’ म्हणजे घरून. हिंदीची सवय असलेला वाचक ‘घर थी’ असं तोडून ‘होती’ वाचतो. ‘मां’ म्हणजे मध्ये. त्याचा आईशी संबंध नाही.

नमुन्याची गंमत अशी की क्रियापद गुजराती असलं तरी पुढच्याच शब्दाला मराठी ‘चे’ लागला आहे: ‘बारीचे’. म्हणजे लिहिणारा हात मराठी माणसाचा. मग ‘मामाने’तला ‘ने’ मराठी की गुजराती? फक्त व्याकरणावर हे सुटत नाही. इथे घाईने निर्णय घेऊ नका. दोन्ही वाचनं लिहून ठेवा आणि पुढे चला.

ओळखीचे वाटणारे शब्द

या शब्दांची घरगुती यादी प्रत्येकाने स्वतः वाढवावी. सुरुवातीला एवढे पुरतील.

वहिवाट आणि वहीवट. मराठी दस्तात वहिवाट म्हणजे प्रत्यक्ष ताबा, वापर, जाण्या-येण्याचा हक्क. गुजराती वहीवट म्हणजे कारभार. बडोदे संस्थानात तालुक्याच्या अधिकाऱ्याला वहिवटदार म्हणत. ‘अमुक घराची वहिवट काकांकडे’ असं सापडलं तर काका त्या घराचा कारभार पाहत होते की ते वापरत होते, हे दुसऱ्या पुराव्याशिवाय लिहू नका. मिळकतीच्या प्रश्नात असा शब्द आला तर अर्थ घरी लावून थांबू नका, वकिलाला मूळ कागद दाखवा.

वाडा आणि वाडो. मराठी वाडा म्हणजे चौकाचं मोठं घर. गुजराती वाडो म्हणजे घरामागची मोकळी जागा, परसू. मराठी माणूस गुजराती वाडोला ‘आ’ लावतो आणि ‘वाड्यात’ म्हणतो. मग कागदावर फरक उरत नाही. शेजारी तुळस, शेण, लाकडं किंवा चोकडी (भांडी-कपडे धुण्याची जागा) आली तर परसू. जिने, माडी, दिवाणखाना आले तर घर.

बारी. मराठीत पाळी किंवा रांग, गुजरातीत खिडकी. आणि गुजराती ‘खडकी’ मात्र खिडकी नव्हे. ते एका दरवाजाआतल्या घरांच्या पुंजक्याचं नाव.

वेचणे. मराठीत टिपून गोळा करणे, जुन्या मराठीत खर्च करणे, गुजराती ‘वेचवुं’ म्हणजे विकणे. हिशेबाच्या वहीत ‘तांदूळ वेचले’ याचे तीन अर्थ होतात आणि तिन्ही हिशेबात बसू शकतात. पुढचा आकडा जमेत आहे की खर्चात, ते पाहूनच ठरवा.

जमणे. गुजराती ‘जमवुं’ म्हणजे जेवणे. ‘मामा जमले’ म्हणजे मामा जेवले. आणि गुजराती ‘जमणुं’ म्हणजे उजवं. चतुःसीमेत, म्हणजे मिळकतीच्या चार बाजूंच्या वर्णनात, ‘जमणे बाजूस’ असेल तर ती उजवी बाजू. तिथेच उगमणी आणि आथमणी येतील: पूर्व आणि पश्चिम.

उधार. मराठी बोलण्यात उधारीवर घेतलेलं. गुजराती नामेपद्धतीत जमा-उधार ही जोडी, आणि तिथे उधार म्हणजे मराठी वहीतलं ‘नावे’, म्हणजे जमेच्या उलट बाजू. एका घरात दोन मुनीम झाले असतील तर एकाच वहीत दोन्ही पद्धती भेटतील.

फावणे. मराठीत सवड मिळणे किंवा संधी साधणे, गुजरातीत सोयीचं पडणे, सवयीचं होणे. ‘मला तिथे फावत नाही’ हे बडोद्याचं वाक्य सवडीबद्दल नाही. त्या जागी बरं वाटत नाही, असा त्याचा अर्थ. तसंच ‘वांधा’. पुण्यात ‘वांधे झाले’ म्हणजे पंचाईत. गुजराती वांधो म्हणजे हरकत, आणि ‘काही वांधा नाही’ म्हणजे चालेल.

तारीख सोडवली की निम्मं काम होतं

बडोद्याकडे विक्रम संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो, मराठी शक चैत्रात. म्हणून संवतातून ५७ वजा करा, हा पाठ केलेला नियम वर्षाच्या मोठ्या भागात चुकतो. कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७ वजा, जानेवारीपासून आश्विन संपेपर्यंत ५६. नमुन्यातला आसो म्हणजे आश्विन, वर्षाचा शेवटचा महिना. १९९३ वजा ५६, म्हणजे १९३७. सत्तावन्न वजा केले तर १९३६ येतं आणि पूर्ण वर्षाची चूक होते. शकाशी मेळ घालायचा तर चैत्र ते आश्विन १३४ वजा, कार्तिक ते फाल्गुन १३५. इथे शके १८५९.

कागद इंदूर-ग्वाल्हेरकडच्या नातलगांचा असेल तर आणखी एक पेच. तिथल्या हिंदी पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो. बडोद्याचा आसो वद आणि मराठी आश्विन वद्य हा एकच पंधरवडा. तिकडे त्यालाच कार्तिक बदी म्हणतात. दिवस तोच, महिना निराळा. दोन पत्रांत महिन्याचा फरक दिसला आणि बाकी सगळं जुळलं, तर आधी पक्ष पाहा: वद्य असेल तर कारण बहुधा हेच. सुदात असा फरक पडत नाही.

अठराव्या शतकातल्या कागदावर आकड्याऐवजी ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं काही असेल तर ते अरबी अंक आहेत: एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६१. हा सुहूर सन, मृगापासून सुरू होणारा. ५९९ मिळवले की १७६०-६१ येतं, पानिपतचं वर्ष.

कोश कसा बघायचा

शब्द जसा आहे तसा शोधला तर बऱ्याचदा सापडत नाही. आधी प्रत्यय काढा: बारीचे → बारी, वाड्याचे → वाडा. मग शेवट बदलून पाहा. मराठी ‘आ’ला गुजराती ‘ओ’ (घोडा, घोडो), नपुंसकाच्या ‘ए’ला ‘उं’ (सोने, सोनुं), ‘णे’ला ‘वुं’ (करणे, करवुं). वाडा हा शब्द गुजराती कोशात वाडो म्हणूनच भेटेल.

मराठीसाठी मोल्सवर्थची १८५७ची दुसरी आवृत्ती आजही पहिली उघडावी. जुन्या वहीतले अर्थ तिच्यात आहेत आणि ती इंटरनेटवर शोधता येते. तिथे भागलं नाही तर दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड. गुजरातीसाठी भगवद्गोमंडळ: नऊ खंड, १९४४ ते १९५५. फारसी शब्दांना माधवराव पटवर्धनांचा १९२५चा फार्शी-मराठी कोश. ते माधव जूलियन म्हणून आपल्याला ठाऊक आहेत आणि त्यांचा जन्म बडोद्याचाच. राज्यकारभारातला शब्द असेल तर सयाजीरावांच्या काळात, १९३१ साली निघालेला श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू पाहा. एकाच कल्पनेला अनेक भाषांतले शब्द शेजारी-शेजारी दिल्यामुळे अशा कोड्यांना तो फार सोयीचा. तो बडोद्याच्या मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात विचारावा.

एक पथ्य मात्र पाळा. शब्द मराठी कोशात सापडला म्हणून थांबू नका. तोच गुजरातीत बघा, आणि दोन्हीकडे निघाला तर त्यावर खूण करा. धोका अशा दुहेरी शब्दांतच असतो.

दोन वाचनं, आणि त्यांची परीक्षा

आता राखून ठेवलेला प्रश्न. मामाने दिले की मामाला दिले?

सगळ्यात भरवशाचा साक्षीदार म्हणजे बेरीज. वरची शिल्लक ९५ आणि खालची ५५ असेल तर चाळीस गेले, म्हणजे मामाला दिले. खालची १३५ असेल तर आले. शब्दांवर कितीही वाद झाला तरी शिल्लक दोन्ही बाजूंनी बोलत नाही. आकडा मात्र नाण्यासकट वाचा. बडोद्याच्या जुन्या वह्यांत बाबाशाई (बडोदे संस्थानचा) आणि कलदार (इंग्रज सरकारचा) असे दोन रुपये येतात आणि त्यांची किंमत एक नव्हती.

शिल्लक लिहिलेली नसेल तर त्याच हाताने लिहिलेली निदान तीन वाक्यं शोधा, जिथे कोणाला दिलं हे स्पष्ट आहे. तिथे त्याने ‘ला’ वापरला असेल (‘सुताराला दिले’), तर त्याचा ‘ने’ बहुधा मराठी. तिथेही ‘सुतारने आप्या’ असेल तर गुजराती. एका वाक्यावरून ठरवू नका. माणूस गुजराती माणसाशी झालेला व्यवहार लिहिताना त्याच्याच भाषेत सरकतो.

मग अर्थाची सांगड. ‘बाकी दिवाळी पछी’, म्हणजे उरलेले दिवाळीनंतर. आसो वद पंचमीनंतर दहा दिवसांवर अमावास्या, दिवाळी. तेव्हा वायदा जवळचा आहे आणि तारखेशी जुळतो. जो खिडकी करवून घेतो तो थोडे आता आणि थोडे नंतर देतो. हे ‘मामाला दिले’ या वाचनाकडे झुकतं, पण झुकतं एवढंच.

शेवटी माणसांना विचारा. दांडिया बाजार, रावपुरा भागात जुनी मराठी घरं आहेत. तिथल्या एखाद्या आजींना विचारा आणि एखाद्या गुजराती शेजाऱ्यालाही, पण वेगवेगळं. तुमचा अर्थ आधी सांगू नका. ‘मामाने दिले असंच ना?’ असं विचारलं की माणूस सौजन्याने हो म्हणतो. ओळ वाचून दाखवा आणि विचारा, ‘यात पैसे कोणाच्या हातात गेले?’ कोडं कागदावरचं नसून तोंडी असेल, आजीची एखादी म्हण किंवा गाण्यातला तुकडा, तर अर्थ विचारूच नका. ‘हे कधी म्हणायच्या? कोणाला? रागाने की लाडाने?’ असं विचारा. तीनदा म्हणवून फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि ण, ळ आणि महाप्राण (ख, घ, थ, ध यांसारखे हकारयुक्त उच्चार) नीट ऐका. दुसऱ्या खेपेला माणूस नकळत शब्द सुधारतो, म्हणून पहिली खेप जपून ठेवा.

टीप लिहिताना

निकाल वहीत लिहिताना अर्थ आणि अंदाज वेगळे राहू द्या. वरची शिल्लक ९५ आणि खालची ५५ निघाली असं धरून नमुन्याची टीप अशी होईल:

मूळ: आसो वद ५, सं. १९९३. मामाने रू. ४० आप्या, बारीचे. बाकी दिवाळी पछी. वाड्याचे काम फावेल तसे.

फोड: आसो (गु., आश्विन) वद (गु., वद्य), मामा + ने (गु., ला), आप्या (गु., दिले), बारी (गु., खिडकी) + चे (म.); पछी (गु., नंतर), वाडा/वाडो + चे (म.), फावेल (म./गु.).

अर्थ: आश्विन वद्य ५, शके १८५९ (इ.स. १९३७). खिडकीच्या कामाचे चाळीस रुपये मामाला दिले. उरलेले दिवाळीनंतर. परसाचं (किंवा वाड्याचं?) काम सोयीने.

खात्री: तारीख पक्की. पैसे मामाला दिले हे शिल्लकीवरून पक्कं. बारी म्हणजे खिडकी हे बहुधा. त्याच महिन्यात बिजागऱ्या, कडी, लाकूड यांची खरेदी आहे का ते पाहायचं. मामा नात्याचा की कारागीर, कळत नाही. वाड्याचा अर्थ अनिर्णित. घराचा सिटी सर्व्हेचा नकाशा काढून मागे मोकळी जागा होती का ते बघायचं, तोवर प्रश्नचिन्ह खोडायचं नाही.